बांधाखालचा कोळसा

आमच्या रानातली लढाई मी सुरू केली. जगातली कुणी सुरू केली यावर शिकलेली माणसं अजून भांडत बसलीत. माझं तसं नाही. मला दिवससुद्धा आठवतो. चैती पुनवेचा होता. सगळं गाव तुळजापूरला गेलेलं, आणि मी, अकरा वर्षांची रागीट पोरगी, थोरल्या भावाच्या मागं लागले होते की पहार घे आणि चल.

आमचं गाव नळदुर्गापासून कोसभर, बोरी नदीच्या अंगाला. राज्य निजामाचं. सोलापूरची वाट धरून दिवसभर चाललं की करोडगिरीचा नाका लागायचा. तिथं गाठोडी सोडून दाखवायची, जकात भरायची आणि पलीकडं पाऊल टाकलं की इंग्रजांचा मुलूख. आमच्या बाजूला मोगलाई म्हणत. नाक्यावर रस्त्यात एक आडवा बांबू होता तेवढाच, माती दोन्हीकडं सारखीच काळी. एवढ्या मोठ्या राज्यांची हद्द एका बांबूवर भागायची आणि आमच्या रानाच्या हद्दीला बांध लागायचा, दगड लागायचा, दगडाखाली कोळसाही लागायचा.

कोळशाचं सांगते. आमचं आणि चुलत काकांचं रान पूर्वी एकच होतं. वाटणी झाली तेव्हा मोजणीदारानं मधे बांध घातला, बांधाच्या टोकाला हद्दीचा दगड रोवला आणि दगडाखाली टोपलीभर कोळसा पुरला. दगड कुणी हलवला तरी कोळसा जागेवर राहतो. लाकूड कुजतं, वाळवी खाते, कोळशाला काही होत नाही. पुढंमागं तंटा झाला तर खणून बघायचं, अशी ती रीत.

काका दर साली नांगरताना बांध कोरायचे. एकदम नाही, वीतभर. नांगर वळवताना फाळ जरा आमच्या अंगाला घालायचा, बस्स. आबा, म्हणजे माझे वडील, बघायचे आणि म्हणायचे, "जाऊ दे. ईतभर मातीपाई भाऊबंदकी कशाला?" पुढच्या साली पुन्हा वीतभर. आबांच्या त्या 'जाऊ दे'चा मला इतका संताप यायचा की भाकरी गोड लागायची नाही.

भाऊ एकोणीस वर्षांचा, अंगानं दांडगा आणि स्वभावानं गाय. माझा शब्द त्यानं कधी मोडला नाही, हे त्याचं दुर्दैव. तुला पहार उचलत नाही का, बांगड्या भर म्हणजे झालं, असं मी त्याला सकाळपासून टोचत राहिले. दुपारी तो हसत उठला. दगड उपटायला फार वेळ लागला नाही. काकांच्या रानात चार पावलं आत त्यानं खड्डा घेतला, आणि मग तो थांबला. "कोळसा?" म्हणाला. जुन्या खड्ड्यातला चार-पाच ओंजळी कोळसा मी फडक्यात बांधून नव्या खड्ड्यात ओतला. सगळा काढायचा कंटाळा केला. ऊन फार होतं.

पेरणीच्या तोंडावर काका बांधावर उभे राहून ओरडायला लागले. दगड सरकलाय. आबा म्हणाले, दगड काय चालत जातो का. खरोखरच त्यांना काही ठाऊक नव्हतं. दोघं एकमेकांची सात पिढ्यांची उणीदुणी काढायला लागले तेव्हा गावच्या पंचांनी येऊन दगडाखाली खणलं. कोळसा निघाला. पंच म्हणाले, मिटलं.

काका मात्र हटले नाहीत. "कोळसा कुनीबी पुरतो. त्याला म्हनावं, परडी घिऊन चाल."

याला आमच्याकडं चालणं म्हणतात. ज्याची हद्द त्यानं आंघोळ करायची, ओल्या धोतरानं यायचं, डोक्यावर त्याच रानातलं ढेकूळ आणि हातात देवीची परडी घ्यायची आणि हद्दीवरून चालत जायचं. तो चालेल तीच हद्द. पुढं कुणी ब्र काढायचा नाही. पण खोटं चालला तर त्याचा वंश बुडतो. त्यामुळं खरा माणूसही शक्यतो चालत नाही. काकांना वाटलं असेल की आबा माघार घेतील.

आबांना मुलगा एकच होता. तरी ते निघाले, कारण ते खरे होते. सगळं गाव बांधाच्या दोन्ही अंगांना उभं. मी भावाच्या शेजारी होते. आबा दगडाच्या दिशेनं पावलं टाकायला लागले, त्यांच्या डोक्यावरच्या ढेकळाची माती कपाळावर ओघळत होती. भावानं तोंड उघडलं. तो बोलणार, हे मला कळलं. मी त्याच्या दंडाला चिमटा काढला, नखं रुतेपर्यंत. त्यानं तोंड मिटलं. आबा दगडापाशी पोचले, त्यांनी परडी कपाळाला लावली, आणि चार पावलं जमीन आमची झाली.

त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं तुटलं. काकूनं आमच्या बाजूच्या विहिरीवर येणं सोडलं. ते एक वेळ ठीक. पण भाऊ त्या चार पावलांच्या पट्टीतलं कणीस तोंडात घालेना. हुरड्याच्या दिवसांत आई आगटीतलं गरम कणीस चोळून त्याच्या हातावर द्यायची आणि हा विचारायचा, "कुठल्या अंगाचं?" आईला वाटायचं, पोराच्या जिभेला चोचले सुटलेत.

त्याच सुमाराला गावात जंगाची, म्हणजे मोठ्या लढाईची, बातमी आली. आमच्या गल्लीत एक मास्तर राहायचे, उर्दू शाळेत शिकवणारे, घरी मराठीही लिहिणारे-वाचणारे. सोलापूरहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती त्यांचं वर्तमानपत्र यायचं, आठ दिवसांचं शिळं. ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे आणि गडीमाणसं अंगणात बसून ऐकायची. मी त्यांच्या बायकोला तांदूळ निवडू लागायला जायचे आणि दाराआडून सगळं ऐकायचे.

मास्तरांनी एकदा काठीनं मातीत युरोप काढला. मागच्या जंगात जर्मनी हरली, तेव्हा जिंकणाऱ्यांनी तिच्या हद्दी आत सरकवल्या, दंड बसवला, वर सही घेतली. ती चीड घेऊन तिथली पोरं मोठी झाली. मग एक पुढारी उठला, म्हणाला आपलं आपण परत घेऊ. त्यानं एक तुकडा घेतला. बाकीचे म्हणाले, जाऊ दे, एवढ्यानं त्याचं पोट भरेल. त्यानं दुसरा घेतला. पुन्हा जाऊ दे. तिसऱ्याला जंग.

ओट्याखाली बसलेल्यांना हे समजावून सांगायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या रानाला बांध होते. एक म्हातारा म्हणाला, "त्या दोघांस्नी ढेकूळ घिऊन चालवा की. हाय काय आन न्हाय काय." सगळे हसले. मग दोघांच्या हातात परडी कुठल्या देवीची द्यायची यावर बराच वेळ वाद झाला, आणि ते लोक आपल्या देवीला मानत नाहीत म्हणूनच जंग मिटत नाही असं ठरलं.

आबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पन मास्तर, पैल्यांदा नांगर कुनी घातला?"

मास्तर म्हणाले, "ज्याला विचारावं तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. हा म्हणतो गेल्या साली, तो म्हणतो वीस सालांमागं. कुठून मोजायला लागायचं, त्यावर आहे सगळं."

सूप माझ्या हातात तसंच राहिलं. काकांनी वीत कोरली ती आधी, मी दगड हलवला तो नंतर, असं मी स्वतःला सांगत होते. पण काका कोरायला का लागले? त्यांच्या बापाला वाटणीत खडकाळ अंग आलं होतं म्हणे. मग तिथून मोजायचं का? मला बसवेना. त्या दिवसापासून मला कुठंच बसवेनासं झालं. आई म्हणायची, ह्या पोरीच्या पायाला भिंगरी लागलीय.

भाऊ सुगी संपल्यावर गेला. सोलापूरहून पेंड आणतो म्हणून सांगितलं आणि नाक्यापलीकडं जाऊन इंग्रजांच्या पलटणीत नाव दिलं. निघताना मला एवढंच म्हणाला, "मला घरात बसवत न्हाय. आबा जेवताना माझ्याकडं बघत्यात आन मला घास गिळत न्हाय." मी म्हटलं, जा मग. एवढंच म्हटलं मी.

त्याची पत्रं यायची. पलटणीतला कुणी तरी लिहून द्यायचा, मास्तर वाचून दाखवायचे. आगबोटीतून नेलं, एवढं पाणी आणि एक घोट पिता येत नाही, मग देवानं ठेवलंय कशाला, असं एकदा लिहिलं होतं. मलायात रबराची झाडं आहेत, सरळ रांगेत, बांध नाहीत, असं एकदा. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ असायची: धाकलीला विचारा, दगड आहे का तिथंच.

घरात सगळ्यांना ती त्याची थट्टा वाटायची. पोराला रानाची आठवण येते, असं आई म्हणायची. मास्तर उत्तर लिहायला बसले की विचारायचे, काय लिहू गं दगडाचं? मी म्हणायचे, लिहा, आहे तिथंच. हे मी तीन वेळा लिहायला लावलं.

मग जपान जंगात उतरला आणि मलाया पडलं, सिंगापूर पडलं. पत्रं बंद झाली. गावात रॉकेल मिळेना, पुन्हा करडईच्या तेलाचे दिवे आले. कापड मिळेना. लेव्हीचा जोंधळा घ्यायला सरकारी माणसं घरात शिरून कणगीत हात घालायला लागली. लोखंड सगळं तोफांना गेलं म्हणे; लोहाराकडं नांगराला फाळ मिळेना, लोक झिजलेल्या फाळानं माती खाजवल्यासारखी नांगरायचे. त्या साली गावात कुणी कुणाचा बांध कोरला नाही. कोरायलाही लोखंड लागतं. मास्तरांनी काठीनं काढलेल्या त्या युरोपातला एक बांध फुटला होता आणि त्याचं पाणी असं आमच्या चुलीपर्यंत आलं होतं.

पण आमच्या घरात जे चाललं होतं त्यापुढं हे काहीच नव्हतं. आईनं एक दिवस आबांना विचारलं, "आवं, तुमी खरं चाललात न्हवं?"

"खरं चाललो."

दुसऱ्या दिवशी ताट वाढताना पुन्हा तेच. मग रोज. आई चिडून विचारत नव्हती, रडूनही नाही. वंश बुडतो असं सगळं गाव जाणत होतं, तिनं फक्त बोलून दाखवलं. आबा आधी ठामपणे सांगायचे. मग नुसती मान हलवायला लागले. मग एक दिवस म्हणाले, "माझ्या मनानं तरी खरं चाललो." खरा माणूस माझ्या डोळ्यांदेखत स्वतःला खोटा समजायला लागला होता, आणि एका शब्दात त्याला सोडवणारी मी ताटाला ताट लावून जेवत होते. सोडवणार तरी कसं? मी बोलले तर चालणं खोटं ठरणार. चालणं खोटं ठरलं तर भाऊ मेला. मी गप्प राहिले तर निदान ते नक्की नव्हतं. मला हे असंच वाटायचं तेव्हा, आणि आजही त्यात मला मूर्खपणा दिसत नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी मी आबांना भाकरी घेऊन रानात गेले. आबा बांधावरून चालत होते. एकटेच. धोतर ओलं, डोक्यावर ढेकूळ. हातात परडी नव्हती, तळहात जोडून परडी असल्यासारखे धरले होते. ते दगडापाशी पोचले, थांबले, परत फिरले, सुरुवातीला गेले आणि पुन्हा चालायला लागले. दगड समोर दिसत असताना माणूस दगडापाशीच पोचणार. दर वेळी ते बरोबर पोचत होते आणि दर वेळी त्यांचं समाधान होत नव्हतं.

मी भाकरी लिंबाखाली ठेवली आणि पळाले. घरी जाऊन खुरपं घेतलं. आबा जेवून आडवे झाले तेव्हा मी चार पावलं मागं जाऊन, जिथून आम्ही दगड उपटला होता तिथं, गुडघ्यावर बसून खणायला लागले. माती तापलेली होती, बोटं सोलली. हातभर खाली कोळसा लागला. आम्ही सोडून दिला होता तसाच, काळा, कोरडा, काल पुरल्यासारखा. मी पदरात भरून घेतला. आबांना उठवायचं धाडस झालं नाही. मी काकांच्या घरी गेले.

एवढ्या वर्षांत त्या उंबऱ्यावर आमच्यापैकी कुणी पाय ठेवला नव्हता. काका ओसरीवर चऱ्हाट वळत बसले होते. मी पदर त्यांच्यापुढं झटकला.

"म्या हलवला दगड," मी म्हटलं. "भावानं पहार मारली, पन सांगितलं म्या. आबांस्नी काय ठावं न्हाय."

काकांनी वळणं थांबवलं नाही. कोळशाकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "मला ठावं हाय."

त्या चैती पुनवेला काका तुळजापूरला गेलेच नव्हते. बांधालगतच्या विहिरीतला गाळ काढायला उतरले होते, आणि पायऱ्या चढून वर येताना त्यांनी आम्हा दोघांना बघितलं होतं.

"मग पंचापुढं का न्हाय बोललात?"

"काय बोलू? पोरांनी चार पावलं नेली म्हनू, तर पंच इचारतील तू किती वर्सं कोरतुयास. मला वाटलं, परडी म्हनलं की तुझा बाप मागं सरंल आन दगड आपोआप मागं यील. तो चाललाच. मग माझं त्वांड बंद झालं." चऱ्हाट त्यांनी मांडीवरून खाली ठेवलं. "तुझ्या भावाची पत्रं बंद झाल्यापासून मला झोप न्हाय, पोरी."

म्हणजे तीन माणसांना खरं ठाऊक होतं, आणि ज्याला ठाऊक नव्हतं त्या एकट्याला आम्ही चालवलं होतं. मला काकांचा राग यायला हवा होता. आला नाही. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, तेही मी केलं नाही. आम्ही दोघं रानाकडं निघालो.

आबा लिंबाखाली उठून बसले होते. काकांना बघून त्यांनी नकळत धोतर सावरलं. मी सगळं सांगितलं. चिमट्याचंही सांगितलं. ते मारतील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी कोळशाचा एक खडा उचलला, बोटांत फिरवला, आणि एकच विचारलं.

"मी चाललो तवा त्याला ठावं व्हतं?"

"व्हय."

"म्हनून गेला," आबा म्हणाले. मग त्यांनी डोक्याचा पटका काढून तोंडावर धरला. आबांना रडताना मी त्या आधी पाहिलं नव्हतं.

दगड त्याच दिवशी मागं गेला. दोघा म्हाताऱ्यांनी पहार लावून तो उचलला. मधेच काका थांबून म्हणाले, माझीबी ईत ईत मागं घ्या, लई वर्सांची हाय. आबा म्हणाले, "कुठल्या सालापास्नं मोजू? कोळसा हाय तितं ठिवू." हिशेब तिथंच संपला. आईला सांगितल्यावर ती देवीपुढं जाऊन बसली, आणि उठून आली तेव्हा म्हणाली की बाप खोटं चाललाच नाही, त्याला चालवलं, मग देवी पोराला कशाला धरेल? त्या दिवसानंतर तिनं आबांना विचारणं सोडलं.

मास्तरांनी मला तोवर लिहायला शिकवलं होतं. ते पत्र मी माझ्या हातानं लिहिलं. दगड तिथं नाही. जिथला होता तिथं नेला. चूक माझी होती, तुझी नाही. आबांना सगळं सांगितलं. काका-काकू घरी येतात. तू ये. पलटणीचा पत्ता जुन्या पाकिटावरून मास्तरांनी इंग्रजीत घातला.

लढाई संपली. सोलापुरात दिवे लावले म्हणे. त्यानंतर किती तरी महिन्यांनी माझं पत्र परत आलं. वर तीन-चार शिक्के, पत्त्यावर लाल रेघ. पाकीट फोडलेलं नव्हतं. सरकारनं भावाबद्दल जिवंत म्हणून कधी कळवलं नाही, मेला म्हणूनही नाही.

मी पाकीट फोडायला गेले तर आईनं हात धरला. "त्येचं हाय ते," म्हणाली. तिच्या लेखी, पाकीट फुटलेलं नाही म्हणजे 'तू ये'ला त्यानं नको म्हटलेलं नाही. अजून वाटेत आहे, एवढंच. तिनं ते देवीच्या परडीत ठेवलं. पुढं रझाकारांच्या धामधुमीत गाव सोडून नाक्यापलीकडं पळावं लागलं, तेव्हा काकांच्या गाडीत दोन्ही घरं बसली, आणि आईनं भांडी सोडून परडी तेवढी मांडीवर घेतली. आबांनी बांधावर गाडी थांबवायला लावली. उतरून दगड हलवून बघितला. पक्का होता.

आता आबा नाहीत, आई नाही, काका नाहीत. टीव्हीवर कुठल्या ना कुठल्या लढाईची बातमी असते, आणि नातवंडं विचारतात, आजी, यात चूक कुणाची? मी उठून आत जाते. वय झालं तरी माझ्या पायाची भिंगरी गेलेली नाही.

पाकीट माझ्याकडं आहे. कागद पिवळा पडलाय, कडा सुटायला आल्यात, नुसतं बोट लावलं तरी उघडेल. आतली ओळ न् ओळ मला पाठ आहे. पण ते त्याचं आहे, आणि त्यानं अजून वाचलेलं नाही.